बनातीवरचा गडद गोल

"आहे ना, आमच्याकडे आहे तो," सिग्ने फोनवर म्हणाली आणि बोलता बोलता सहज मान वळवून तिनं पाहिलं, तर तो नव्हता.

पलीकडून म्हातारा विलार्ड बोलतच होता. गावच्या दरवर्षीच्या जलोत्सवाचे जुने बिल्ले जमवणाऱ्यांच्या मंडळातला तो सगळ्यात चिकट माणूस, सिग्नेच्या आईच्या, आर्डिसच्या, ओळखीचा. "युद्धाच्या वर्षीचा म्हणतोय मी. ज्याला मागं टाचणीच दिली नव्हती तो. मी म्हटलं, असला तर आर्डिसकडेच असणार. बाईनं एकही साल सोडलेलं नाही." सिग्नेनं हं केलं की नाही तिला आठवत नाही. फोनची वेटोळ्यांची तार ताणत ती स्वयंपाकघराच्या दारातून बैठकीच्या खोलीत पाहत होती. जमिनीवर आईची जाड लोकरी निळी बनात पसरलेली होती, तिच्यावर सालवारीनं टोचलेले बिल्ले, शिडाच्या होडीचे, बदकांचे, राणीच्या मुकुटाचे, आणि दुसऱ्या ओळीत जिथं तिच्या जन्माच्या वर्षाचा बिल्ला असायचा तिथं एक गोल होता. नुसता गोल. बाकी बनात उन्हानं विटून राखी झाली होती, पण त्या गोलातला निळा अजून पहिल्या दिवसासारखा, गडद, खोल पाण्यासारखा. त्याच्या शेजारी तिची लेक बेरिट पालथी पडली होती. कोपरांवर रेललेली, हनुवटी लाळेनं ओली, जबडा हलतोय. सिग्ने पाहत असतानाच त्या इवल्याशा गळ्यात काहीतरी वरून खाली सरकलं.

फोन हातातून सुटला आणि तारेला लोंबकळत भिंतीवर आपटत राहिला. सिग्नेनं पोरीला उचललं, पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून गालाच्या आतून, जिभेखालून फिरवलं. बेरिटनं नव्या दोन दातांनी ते कचकन चावलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला बनातीची निळी लव चिकटलेली होती. म्हणजे तोंडात बनात होती. म्हणजे बनातीवरचं काहीही तोंडात गेलेलं असू शकतं. पोर एकदा खोकली, आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसली.

साधा बिल्ला असता तर एक वेळ. पण युद्धाच्या त्या वर्षी सगळं पोलाद तोफांना गेलेलं, उत्सवाच्या सेल्युलॉइडच्या बिल्ल्याला नुसतं भोक पाडून दोरा ओवून दिलेला. दोरा तुटला तेव्हा सिग्नेच्या वडलांनी, आइनरनं, आपल्या मासेमारीच्या डबीतला एक बारका गळ पक्कडीनं वाकवून मागं बसवला होता. गळाचं टोक घासून बोथट करायचं ते विसरले, की पुढच्या रविवारी करू म्हणाले आणि तो रविवार कधी आला नाही. लहानपणी सिग्नेला बनातीला हात लावायची बंदी होती, आणि त्यातही तो बिल्ला म्हणजे घरातला लांडगाच. "तो चावतो," आई म्हणायची. बोटाच्या पेराएवढा बिल्ला. एवढ्याशा नरड्यातून तो खाली जाताना गळ कुठल्या दिशेला असेल?

गाडी तिचा नवरा कर्ट घेऊन गेला होता. आज तळ्यावर दुधाच्या रिकाम्या खोक्यांच्या होड्यांची शर्यत होती, आणि गल्लीतल्या पुरुषांनी अख्खा जून शेजारच्या लव्हॉनच्या गॅरेजमध्ये घालवून एक होडी उभी केली होती. चर्चमधून, शाळेतून, सगळ्यांच्या कचऱ्यातून मेणकागदाची खोकी गोळा केलेली. जुलैच्या उकाड्यात सगळ्या गल्लीला आंबट दुधाचा वास यायचा. कर्टबरोबर आईही गेली होती, अंड्याच्या सँडविचची टोपली आणि घडीची खुर्ची घेऊन. जाताना मायलेकी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आठवडाभर तसंच चाललं होतं. मीठ दे, टॉवेल वाळला का, एवढंच. सिग्नेनं फक्त म्हटलं होतं, आई, आता ती धरून उभी राहायला लागली, ती बनात भिंतीवरून काढू या. आर्डिस कपाची कड पुसत म्हणाली होती, "उंच आहे ती. तिला काय पंख फुटलेत?" "पंख फुटेपर्यंत थांबायचं का?" "मी मेल्यावर काढ." मग सिग्नेच्या तोंडून ते गेलं, जे तीस वर्षं जायचं थांबलं होतं: "तुला पहिल्यापासून तेच प्यारे." आणि आज आई घराबाहेर पडल्याबरोबर तिनं स्टूल घेतलं, बनात खाली काढली, माळ्यावर टाकायला खोका आणला. आई परत येईल तेव्हा भिंत मोकळी असेल, मग काय बोलायचं ते बोलू दे. चोरून काढली. उंचावरून खाली काढली, पोरीच्या पुढ्यात पसरली, आणि फोन घ्यायला गेली.

सिग्नेची हाक ऐकून लव्हॉन चप्पल न घालताच धावत आली, गाडीच्या किल्ल्या दातात धरून. ती पलीकडच्या घरातली, चार पोरांची आई, आणि घाबरली की जास्त बोलणारी. "बस तू मागं, उभी धर तिला, उभी. आमच्या डेनिसनं शेंगदाणा नाकात घातला होता, दोन दिवस कुणाला पत्ता नाही, आम्ही म्हणतोय पोराला सर्दी झाली. श्वास घेतेय ना? मग झालं. निळी नाही ना पडलेली?" सिग्नेनं पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात निळं होतं; तिनं पदराच्या टोकासारखं ब्लाउजचं टोक ओढून पुसलं, तर ती लव होती. गाडीच्या काचेबाहेरून एल्मची झाडं मागं जात होती. रोग लागलेल्या झाडांना पालिकेनं बुंध्याभोवती नारिंगी कडं रंगवून ठेवलं होतं, ही पाडायची म्हणून. कडं नसलेलं झाड येईना. दर झाडागणिक तिला वाटे, आता पुढचं स्वच्छ असेल, आणि पुढच्यालाही कडं असे.

तिनं तो पाहिला होता का? हाच प्रश्न होता. बनात भिंतीवरून उतरवताना, दोन्ही हातांनी वरची काठी धरून स्टुलावरून खाली येताना, तो बिल्ला जागेवर होता का? तिनं डोळे मिटले आणि बनात पुन्हा भिंतीवर टांगली, पुन्हा उतरवली. होता. पांढरट, कडेला पिवळा पडलेला, मधे वल्हं मारणारा माणूस. पण हे आजचं पाहणं होतं की आणखी कुठलं? आजारी पडून सोफ्यावर पडून राहिलेल्या दिवसांचं, पियानोच्या शिकवणीची वाट पाहतानाचं, वडील गेले त्या दुपारी, माणसं कॉफी पीत हळू बोलत होती आणि तिला कुठं पाहावं कळत नव्हतं, तेव्हाचं? एखादी वस्तू इतक्या वेळा पाहिली की डोळा तिच्याकडे जातच नाही, नुसता होकार भरून पुढं जातो. ती स्वतःच्या जन्मवर्षाकडे पाहून होकार भरत आली होती. आज त्या जागी भोक असतं तरी तिच्या डोळ्यानं तिथं वल्हेवाला बसवला असता. आणि नसताही. आई त्या बनातीवरून एक बिल्ला कुणाला काढू देणार नाही, स्वतःही काढणार नाही. म्हणजे होता. म्हणजे पोटात आहे.

मोठ्या रस्त्यावर पोलिसानं हात केला. संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी लाकडी अडसर लावून झाले होते, कडेनं लोकांनी आतापासून खुर्च्या आणि रजया मांडून जागा धरल्या होत्या. लव्हॉननं काच खाली करून अर्धं अंग बाहेर काढलं. "अहो साहेब, बाळानं बिल्ला गिळलाय!" पोलीस वाकला. त्याच्या खिशावर या वर्षीचा बिल्ला होता, नवा कोरा, चमकणारा. "आमचाच?" तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याचे कान लाल झाले, आणि त्यानं धावत जाऊन अडसर स्वतः उचलला. रजईवर बसलेली माणसं मान वळवून पाहू लागली. सगळ्यांच्या छातीवर तो होता. म्हाताऱ्यांच्या टोपीवर, पोरींच्या झग्यावर, एका कुत्र्याच्या पट्ट्यालाही. ऊन पडून ते सगळे एकदम चमकले, आणि सिग्नेनं बेरिटचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलं, जणू ते सगळेच्या सगळे उडून येऊन तिच्या घशात शिरणार होते.

असंच ऊन होतं तेव्हा. ती किती वर्षांची असेल, चार, फार तर पाच. तळ्याकाठी बिल्ल्यांसाठी रांग लागलेली आणि आईचा हात. तो हात तिला अजून आठवतो, हातमोजा घातलेला, त्याच्या शिवणीची रेघ तळव्याला लागायची. मग हात नव्हता. सगळीकडे पाय होते. ती पायांतून चालत राहिली, लाकडी धक्क्यावर आली, आणि फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसलं, हिरवं, हलणारं, आणि तिला वाटलं की आई खाली गेली. ती तशीच पालथी पडून फटीतून आईला शोधत राहिली. तिला उचललं तेव्हा आधी एक थप्पड बसली, मग इतकं घट्ट आवळलं की श्वास कोंडला. पण तिला आठवतं ते हे, की आईच्या एका हातात मोजा नव्हता आणि त्या मुठीत बिल्ला होता. पोर हरवली होती आणि बाईनं बिल्ला टाकला नव्हता. घरी आल्यावर तिच्या पांढऱ्या झग्याच्या पाठीवर रक्ताचे डाग निघाले, चार-पाच, छोटे. आइनरनं तिचे गुडघे तपासले, कोपरं तपासली, कुठंच काही लागलेलं नव्हतं. "अशीच रडते ती," आई म्हणाली आणि झगा थंड पाण्यात भिजत घातला. बिल्ला बनातीवर गेला. अजून आहे, तिसऱ्या ओळीत, बदकाचा.

दवाखान्यात उत्सवाची गर्दी होती. उन्हानं चक्कर आलेले, काचेवर पाय पडलेले, एक जलपरी झालेली बाई खवल्यांचा पायघोळ सांभाळत बाकावर बसलेली. नर्सच्या टोपीखाली, गणवेशावर, तोच बिल्ला. "किती वेळ झाला? लाळ जास्त गळतेय?" "दात येताहेत." "खोकला?" "एकदा." "तुम्ही गिळताना पाहिलं?" सिग्ने म्हणाली, हो. मग म्हणाली, गळा हलला. मग म्हणाली, माहीत नाही. डॉक्टर तरुण होता, त्याच्या चेहऱ्यावर अजून मुलाबाळांचं काही नव्हतं. गळाचं ऐकल्यावर मात्र त्यानं पेन खिशात ठेवलं. "घशात किंवा पोटात दिसला तर लगेच आत घ्यावं लागेल," तो म्हणाला. "आधी एक्स-रेचा फोटो काढू. अंगावर धातूचं काही आहे का तिच्या? साखळी, बटण?"

"नाही," सिग्ने म्हणाली.

थंड पत्र्यावर बेरिटला निजवलं, झबलं काढलं, शिशाचा जड अंगरखा सिग्नेच्या अंगावर घातला आणि दोन्ही हात धरायला सांगितले. बेरिट ओरडली नाही. ती वरच्या यंत्राकडे पाहत राहिली, गंभीर, देवळात पहिल्यांदा आणलेल्या बाळासारखी. मग अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभं राहणं आलं. लव्हॉन म्हणाली, "कॉफी आणू?" आणि आणायला गेली, कारण कॉफीशिवाय या गावात कुणाला काही करता येत नाही, मरतानाही. सिग्ने मनात म्हणत होती, आई, तुझा तो एकेक सालाचा पत्रा. आई, तू भिंतीवर मला नाही लावलंस. माझा एक फोटो नाही त्या खोलीत, फक्त माझं वर्ष आहे, आणि ते माझ्या पोरीच्या पोटात आहे. हे सगळं ती आईला सांगणार होती. वाक्यं तयार होती, धारदार, एकही शब्द वायफळ नाही. आणि त्याच वेळी तिला दिसत होतं की स्टुलावर आई चढली नव्हती.

डॉक्टरनं फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. बेरिट आतून अशी होती: फासळ्या माशाच्या काट्यांसारख्या बारीक, मधे धुकं. आणि धुक्याच्या खाली, पोटाच्या ऐन मध्यावर, एक लख्ख पांढरी वाकडी रेघ. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला टोक.

डॉक्टर म्हणाला, "बसा तुम्ही," आणि भिंतीवरच्या फोनकडे वळला. त्याची पाठ, पांढरी, घडी मोडलेली, आणि तिच्यावर फोटोचा उजेड. ती पाठ आता फोनमध्ये काय बोलेल आणि मग काय काय होईल, ते सगळं सिग्नेच्या डोळ्यांपुढून पाण्यासारखं वाहून गेलं. पोरीला कुणीतरी तिच्या हातातून घेईल. हात सुटेल. सगळीकडे पाय असतील.

"थांबा हं जरा," मागून नर्स म्हणाली. वयस्क बाई, बाह्या दुमडलेल्या. तिनं चष्मा नाकावर ओढला, फोटोत नाक खुपसलं, मग येऊन बेरिटच्या लंगोटाचं वरचं दुपटं उचललं. "हे काय आहे, बाई?"

लंगोटाची पिन होती. तीन टोकं पोटावर आणून मधे एकच पिन, आईनं शिकवलेली पद्धत. दिवसातून कितीदा सिग्ने ती लावत होती, काढत होती, दातात धरत होती. आणि अंगावर धातूचं काही आहे का म्हटल्यावर ती नाही म्हणाली होती.

"सगळ्याच आया विसरतात," नर्स म्हणाली, पण तिच्या आवाजावरून असं कुणी विसरत असेल असं वाटलं नाही. पिन काढून एका ताटलीत टाकली, टण्णकन वाजली. दुसरा फोटो काढला. पुन्हा अंधाऱ्या खोलीचं दार, पुन्हा लव्हॉनची गार होत चाललेली कॉफी. या वेळी धुक्यात काही नव्हतं. डॉक्टरनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, घसा, छाती, पोट. "स्वच्छ आहे. गळ तर नाहीच, टाचणीसुद्धा नाही. घरीच पडलाय तो तुमचा बिल्ला, सोफ्याखाली बघा." नर्सनं लंगोट चिकटपट्टीनं बांधून दिला. पिन ताटलीतच राहिली, आणि सिग्नेला ती मागायची लाज वाटली.

गाडीत बेरिट झोपली. लव्हॉन म्हणाली, घरी? सिग्ने म्हणाली, तळ्यावर. पोटात नाही म्हटल्यावर छातीतली गाठ सुटायला हवी होती, ती जागा बदलून बसली होती. मग कुठं आहे? घरी जमिनीवर कुठंतरी तो गळ वर करून पडला असेल, उद्यासाठी, परवासाठी. बनात उचलून पाहिली नव्हती, सोफा सरकवला नव्हता. आणि आईला तर सांगावं लागणारच होतं. तयार केलेली वाक्यं तिनं पुन्हा चाचपली. काहींची धार गेली होती, काहींची नव्हती.

तळ्याकाठी ढोल, लाउडस्पीकर, भाजलेल्या कणसांचा धूर. दुधाच्या होड्या पाण्यात होत्या, एक राजवाडा, एक मगर, एक भलीमोठी कॉफीची किटली. आर्डिस आपल्या घडीच्या खुर्चीत ताठ बसली होती, पर्स मांडीवर, छातीवर या वर्षीचा बिल्ला, नजर पाण्यावर. सिग्नेला पाहून तिच्या तोंडावर आधी आनंद आला आणि मग आठवडाभराचं भांडण आठवून तो मागं गेला.

"आलीस? त्यांची होडी बुडायला लागलीये," ती म्हणाली. "मी कर्टला सांगितलं होतं, तोंडाकडची खोकी नीट धुतली नाहीत."

"आई, आम्ही दवाखान्यातून येतोय."

आर्डिस उठली. खुर्ची मागं पडली. सिग्ने बोलत गेली, तयार केलेलं काहीच आलं नाही, नुसतं सगळं एकापाठी एक, फोन, बनात, लव, गोल, पांढरी रेघ. ऐकता ऐकता आर्डिसचा हात पोरीच्या कपाळावर, गळ्यावर, पोटावर फिरत होता, आंधळ्या माणसासारखा. शेवटी ती म्हणाली, "तो होडीत आहे."

"काय?"

"बिल्ला. होडीत आहे तो. कर्टला दिला मी सकाळी. होडीच्या टोकात आतून घरातला जुना बिल्ला चिकटवायचा असतो, माहिती आहे ना तुला, नाहीतर होडी लगदा होऊन परत येते म्हणतात. तो म्हणाला, आर्डिस, सगळ्यात जुना द्या. म्हटलं, हा ने, हा बोचतो." तिनं पाण्याकडे पाहिलं. "पोर रांगायला लागली तेव्हापासून झोप नाही मला. उंच आहे, उंच आहे, पण पडला कधी तर? बाकीच्यांना टाचण्या आहेत, पण त्याला तो मेला गळ. तुझ्या बापाला शंभरदा सांगितलं होतं घासायला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?" आणि मग, वेगळ्या आवाजात, "तू झोपली होतीस. मी स्टुलावर चढले. म्हटलं, कळू नये तुला. तू जिंकलीस असं वाटलं असतं."

स्टुलावर. सिग्नेला हसू की रडू कळेना. "मी पण स्टुलावरच चढले," ती म्हणाली. "तू गेल्यावर. सगळी बनात माळ्यावर टाकणार होते, तुला न विचारता."

पाण्यात त्यांच्या गल्लीची होडी आता होडी राहिली नव्हती. पांढरा पसारा पसरत होता, त्यात कर्ट आणि बाकीचे दोघं गळ्यापर्यंत बुडून हसत, शिव्या देत खोक्यांना धरून तरंगत होते. होडीचं टोक एकदा वर आलं, उलटं झालं, त्याच्या पोटातली, बिल्ला धरून ठेवणारी चिकटपट्टी सुटून लोंबली, आणि मग तेही गेलं. लाउडस्पीकरवर कुणीतरी म्हणालं, टाळ्या होऊ द्या.

"माझ्या वर्षाचा होता तो," सिग्ने म्हणाली.

"तू आहेस की समोर," आर्डिस म्हणाली. नजर मात्र पाण्यावरच होती, जिथं टोक गेलं तिथं, जरा जास्तच वेळ.

"विलार्डला काय सांगू?"

"सांग, पोहायला गेलाय."

बेरिट जागी झाली आणि तिनं पाय झाडले. उकाड्यानं दवाखान्याची चिकटपट्टी केव्हाच सुटली होती, लंगोट एका बाजूनं घसरून मांडीपर्यंत आला. सिग्ने एका हातानं तो धरून दुसऱ्यानं पिशवी चाचपू लागली. पिन ताटलीत राहिलेली. "आण इकडे," आर्डिस म्हणाली. तिनं खाली रजई अंथरली, पोरीला तिच्यावर निजवलं, आणि छातीवरचा या वर्षीचा बिल्ला काढून टाचणी उघडली. "आई, नको," सिग्नेच्या तोंडून गेलं. "घरी जाईपर्यंत," आर्डिस म्हणाली. "मी बघतेय ना तिच्याकडे."

तिनं तीन टोकं पोटावर आणली. मग डाव्या हाताची दोन बोटं कापडाच्या आत घातली, बाळाच्या कातडीला पाठ लावून, तिनं सिग्नेला शिकवलं होतं तसंच: टाचणी घसरलीच तर आधी आपल्याला लागली पाहिजे. कापड जाड होतं, टाचणी बिल्ल्याची, लंगोटासाठी केलेली नव्हे. ती जोर लावून घुसली आणि आतल्या बोटात शिरली. आर्डिसच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं टाचणी मागं घेतली, पुन्हा लावली, बंद केली, ती बंद झाली का हे अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि मगच बोटं बाहेर काढली. एकावर रक्ताचा लाल मणी होता.

सिग्ने त्या मण्याकडे पाहत राहिली. मोजा नसलेला हात, गच्च आवळलेली मूठ, पांढऱ्या झग्याच्या पाठीवर ते डाग, चार-पाच, छोटे, आणि तिच्या अंगावर कुठंच लागलेलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "त्या वर्षी, मी हरवले होते तेव्हा, बदकाच्या वर्षी. तुझ्या हातातला तो बिल्ला उघडा होता का गं?"

"असेल," आर्डिस म्हणाली आणि बोट तोंडात घातलं. "कोण बघतं तेव्हा."